जुन्या चित्रपटांतले लक्षात राहिलेले बाप आणि विसरलेले नट : पाच शनिवारांसाठी काय निवडावं?

हरिपूरकर

नमस्कार मंडळी. सांगलीत आमच्या वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये पाच शनिवार संध्याकाळी ‘पडद्यावरचा बाप’ असा कार्यक्रम ठरतोय. पडद्यावरच्या आयांची यादी चहा संपायच्या आत तयार होते. बापाचं नाव काढलं की सगळे एकमेकांकडे बघतात, मग कुणीतरी ‘मुगल-ए-आजम’ म्हणतं आणि विषय तिथंच थांबतो.

सत्तरेक खुर्च्या आहेत. निम्मे लोक साठीच्या पुढचे, निम्मी कॉलेजची मुलं. अख्खा सिनेमा लावायचा नाही. दर शनिवारी तीन-चार प्रसंग, मधे बोलणं, सगळं दीड तासात. 1991 पर्यंतचे चित्रपट घ्यायचे, मराठी जास्त, हिंदी चालतील. पृथ्वीराज कपूर आणि ‘शक्ती’मधले दिलीपकुमार मुद्दाम सोडलेत, त्यांच्यावर सगळेच बोलतात.

नुसती नावं नकोत. कुठला प्रसंग, त्यात नटाचं नेमकं काय बघायचं आणि कुठं गफलत होते ते सांगा. नटाचा सातारा-सांगलीशी धागा असेल तर दुधात साखर.

---

कोरेगावकर

पहिला शनिवार केशवराव दात्यांना द्या. ‘कुंकू’, प्रभात, 1937. धागा हवाय ना? ज्या ‘न पटणारी गोष्ट’ कादंबरीवरून तो केला, ती लिहिणारे ना. ह. आपटे आमच्या कोरेगावचे.

आता म्हणाल, दात्यांचा काकासाहेब हा तर कोवळ्या नीराचा जरठ नवरा, बाप कुठला? हाच मुद्दा मांडा. सगळे त्याला नीराचा नवरा म्हणून बघतात. पण या विधुर वकिलाला नीरापेक्षा मोठी मुलगी आहे आणि नीराच्या वयाचा मुलगा आहे. दात्यांनी तो माणूस आधी बाप म्हणून उभा केलाय, नवरेपण त्याला नीट बसतच नाही. तीन जागा दाखवा. एक, आरशासमोर मिशीला काळं लावणं. तिथं हसू येतं, पण दाते हसवत नाहीत, ते काम कोर्टात जायच्या तयारीसारखं गंभीरपणे करतात. दोन, मुलगी घरी येते तो भाग. ती भूमिका शकुंतला परांजप्यांची, रँग्लर परांजप्यांची मुलगी आणि संततिनियमनाच्या चळवळीतल्या कार्यकर्त्या. ती बोलत असताना दाते तिच्याकडे फार वेळ बघत नाहीत. जे नवऱ्याला कळलं नव्हतं ते बापाला इथं कळतं, आणि ते त्यांच्या खांद्यांवरून दिसतं. तीन, शेवट. आपल्यामागं पत्र ठेवून तो नीराला मोकळी करतो. त्या टप्प्यावर तो तिच्याशी बापासारखाच वागतोय.

या चित्रपटात पार्श्वसंगीत नाही. जे ऐकू येतं ते त्या घरातलंच: ग्रामोफोन, रस्ता, भिंतीवरचं घड्याळ. आवाज कमी ठेवलात तर घड्याळ गेलं, आणि घड्याळ गेलं की काकासाहेबाचं निम्मं काम गेलं.

दात्यांचा दुसरा चित्रपट ‘शेजारी’ (1941), विश्राम बेडेकरांचं लेखन. इथं हमखास चूक होते. मराठीत हिंदू म्हातारा जीवबा म्हणजे दाते आणि त्याचा मुसलमान शेजारी मिर्झा म्हणजे गजानन जागीरदार. त्याच वेळी केलेल्या हिंदी ‘पडोसी’त मिर्झा जागीरदारच, पण हिंदू म्हाताऱ्याचं काम मझहर खान यांनी केलंय. म्हणजे हिंदीत मुसलमान नट हिंदू बाप करतोय आणि हिंदू नट मुसलमान बाप. आंतरजालावर ‘पडोसी’चा तुकडा ‘शेजारी’ म्हणून फिरतो. दात्यांबद्दल बोलायचं आणि पडद्यावर मझहर खान, असं व्हायला नको. दोन्हींतला तोच प्रसंग शेजारी-शेजारी लावता आला तर उत्तम. बुद्धिबळाचा पट मधे ठेवून बसलेले दोघं मित्र घ्या, तेवढं पुरे.

आणि राजा परांजपे. जन्म मिरजेचा, 1910. ‘ऊन पाऊस’ (1954) मध्ये ते म्हातारे शिक्षक, बायको सुमती गुप्ते, लेखन ग. दि. माडगूळकरांचं, म्हणजे तेही आपल्या आटपाडी भागातले. म्हातारपणी आई एका मुलाकडे, बाप दुसऱ्याकडे अशी वाटणी होते. पुढं कानडीत ‘स्कूल मास्टर’ (1958) आणि नंतर ‘बागबान’पर्यंत हा धागा ताणत आणता येतो. अमेरिकेत 1937 मध्ये लिओ मॅकॅरीनं याच विषयावर ‘मेक वे फॉर टुमॉरो’ केला होता. हे सांगितलं की कॉलेजची मुलं जागी होतील. चित्रपट आला तेव्हा परांजपे 44 वर्षांचे होते. नवखा नट म्हातारा करताना कंबर वाकवतो. परांजप्यांनी वेग कमी केलाय: हाक आली की मान वळायला अर्धा क्षण जास्त, उत्तराआधी एक श्वास. शिक्षकाच्या आवाजातली जरब तेवढी शाबूत ठेवलीय, म्हणून तो बिचारा वाटत नाही.

---

तासगावचा_बेदाणा

कोरेगावकर, दाते मान्य. पण राजा परांजपे विसरलेले कसे? दिग्दर्शक म्हणून त्यांच्या नावानं आजही लोक कान टवकारतात. प्रश्न पोस्टरवर नसलेल्यांचा आहे.

माझा शनिवार ‘दीवार’चा (1975). ‘दीवार’ म्हटलं की आई. पण त्या चित्रपटाची दोन्ही चाकं दोन बापांवर फिरतात, आणि दोघांचं पडद्यावरचं काम मिळून एका रिळाच्या थोडं पुढं-मागं भरेल.

पहिला सत्येन कप्पू. कामगारांचा पुढारी, मालक बायकापोरांना धरतो तेव्हा सही करून देतो आणि लोकांच्या लेखी गद्दार ठरतो. त्याच्या पापाची शिक्षा मोठ्या मुलाच्या हातावर गोंदवली जाते. कप्पूंचं काम बघायचं ते सहीच्या वेळी. मोठा नट असता तर तिथं कागदावर अश्रू पडला असता. कप्पू नुसता वाचत राहतो, जणू वाचून झालं की काहीतरी वेगळं निघेल. त्यानंतर तो घर सोडून रेल्वेत भटकतो आणि गाडीतच मरतो. लोकांना हा माणूस ‘शोले’तला रामलाल म्हणून ठाऊक आहे, तेही चेहरा दाखवला तर.

दुसरा ए. के. हंगल. पोरगं पाव चोरून पळतं, कप्पूचा धाकटा मुलगा इन्स्पेक्टर रवी त्याच्या पायावर गोळी झाडतो, मग पश्चात्तापानं जेवण घेऊन त्या घरी जातो. आई तोंडसुख घेते. बाप निवृत्त शिक्षक. तो बायकोला गप्प करतो आणि चोरी ती चोरीच म्हणतो. या एका भेटीनंतर रवी भावाची केस हातात घेतो. अख्ख्या उत्तरार्धाची किल्ली या पाच मिनिटांत आहे. हंगलांना आपण ‘शोले’च्या इमामसाहेबाच्या एका वाक्यापुरतं ठेवलंय, आणि तिथंही ते बापच आहेत हे विसरतो. गेलेला मुलगा म्हणजे आपला सचिन पिळगावकर.

मराठी माणूस हवा तर नाना पळशीकर. ‘दो बिघा जमीन’मध्ये (1953) बलराज साहनींचा म्हातारा बाप. साहनींचा जन्म 1913 चा, पळशीकरांचा 1907 चा. सहा वर्षांचा फरक, आणि पडद्यावर एक अख्खी पिढी! कर्जाचा हिशोब 65 रुपये समजून गेलेल्या मुलाला जमीनदाराकडून 235 चा आकडा ऐकायला मिळतो, त्या भागातल्या घरच्या बैठका दाखवा. पुढं याच माणसाला ‘कानून’ आणि ‘शहर और सपना’साठी सहायक अभिनेत्याचं फिल्मफेअर मिळालं. दोनदा फिल्मफेअर मिळालेला मराठी नट, आणि शोधपेटीत ‘नाना’ टाकलं की पाटेकर येतात.

डेव्हिड (‘बूट पॉलिश’, 1954) आणि मनमोहन कृष्ण (‘धूल का फूल’, 1959) हे पोरक्या लेकरांना सांभाळणारे, दोघांनाही त्या त्या कामासाठी सहायक अभिनेत्याचं फिल्मफेअर. पण तिथं गाणी इतकी मोठी आहेत की अभिनयावर बोलणं अवघड जाईल.

---

अजिंक्यतारा_खालून

साताऱ्याचं नाव काढायचं आणि डॉ. लागू नाहीत? जन्म साताऱ्याचा, 16 नोव्हेंबर 1927. ‘सामना’, ‘पिंजरा’वाले लागू सगळ्यांना पाठ आहेत. हिंदीतले बाप कुणी मोजत नाही, कारण त्यांनी ते ढिगानं केले आणि बरेचसे फुटकळ होते हे खरंच आहे. पण ढिगातून तीन वर काढा.

‘लावारिस’ (1981) : गंगू गणपत, दारुडा, टाकलेल्या पोराला (मोठेपणी अमिताभ) वाढवतो, जीव लावत नाही, फक्त सोडतही नाही. खरा बाप अमजद खान. अमजद अमिताभपेक्षा जेमतेम दोन वर्षांनी मोठा (1940 आणि 1942). जन्म देणारा आणि वाढवणारा असे दोन बाप एकाच चित्रपटात आहेत, त्यावर बोलायला भरपूर आहे.

‘सौतन’ (1983) : पद्मिनी कोल्हापुरेचा बाप गोपाल, पेढीवरचा हिशोबनीस. मुलीवर किटाळ येतं तेव्हा नोकर आणि बाप यांच्यात त्याची ओढाताण होते.

‘एक दिन अचानक’ (1989), मृणाल सेन : पावसाळी संध्याकाळी प्राध्यापक घराबाहेर पडतो आणि परत येत नाही. उरलेला चित्रपटभर घरचे त्याला आठवतात. बाप नसूनही सगळीकडे आहे. उत्तरा बावकरांना या चित्रपटासाठी सहायक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पाच शनिवारांतला सर्वांत वजनदार हाच होईल. मात्र संथ आहे, पहिल्या आठवड्याला लावू नका, खुर्च्या रिकाम्या होतील.

---

मिरज_जंक्शन

सगळे रडके बाप काढताय राव. विनोदी बाप कुठं आहेत?

शरद तळवलकर, ‘धूमधडाका’ (1985), धनाजीराव वाकडे. लोकांना अशोक सराफांचं ‘व्याख्या विख्खी वुख्खू’ आठवतं. पण तो विनोद उभा राहतो समोरच्या वाकड्यांच्या तोंडावर. सराफ तिथं यदुनाथ जवळकर या बनावट बापाचं सोंग घेऊन आलेत, खरा बाप त्या सोंगाला बळी पडतोय. तळवलकर हसत नाहीत, गोंधळत नाहीत, उलट उद्योगपती घरी आलाय म्हणून आणखी अदबशीर होतात. समोरचा जितका पाचकळ, तितका हा गंभीर. ते एकदा जरी ‘काय चाललंय हे’ अशा नजरेनं बघते, तर प्रसंग तिथंच मेला असता. तेव्हा वय सासष्टच्या आसपास, आणि वेग चाळिशीचा.

पूर्ण शनिवार यावर होऊ शकतो, कारण हा बाप तीन भाषांत सापडतो. मूळ तमिळ ‘कादलिक्क नेरमिल्लै’ (1964), त्यात टी. एस. बालय्या. हिंदी ‘प्यार किये जा’ (1966), त्यात ओम प्रकाश. मग आपला वाकडे. हिंदीत मेहमूद बापाला भुताच्या चित्रपटाची गोष्ट सांगतो तो तुकडा प्रसिद्ध आहे, त्या कामासाठी मेहमूदला फिल्मफेअर मिळालं. तुम्ही तो तुकडा लावताना मुलांना सांगा, दोन मिनिटं मेहमूदकडे बघू नका, ओम प्रकाशकडे बघा. घाबरतोय तो, आणि भीती हळूहळू वाढवत नेतोय तो. मेहमूद आवाज काढतो, वेळ ओम प्रकाश सांभाळतो. तमिळमध्ये हाच प्रसंग नागेश आणि बालय्या यांचा. दोन्ही सहा-सात मिनिटांत बसतील. भाषा न कळूनही तमिळ तुकड्याला लोक हसतात, भाषांतर वाचून दाखवायच्या भानगडीत पडू नका.

---

कोरेगावकर

मिरज_जंक्शन, हे छान. विनोदी बाप शेवटून दुसऱ्या शनिवारी ठेवा.

एक राहिलं. बाप म्हणजे चांगलाच माणूस असं धरून सगळे चाललेत. ‘सांगत्ये ऐका’मधला (1959) दादा साळवींचा पाटील आठवा. ‘बुगडी माझी सांडली गं, जाता साताऱ्याला’ सगळ्या महाराष्ट्रानं गुणगुणलं, पण फडावर उभी असलेली ती पोरगी ज्याच्यासमोर हिशोब मांडतेय तो कोण, हे विचारलं की लोक अडखळतात. साळवींच्या चेहऱ्यावर शेवटपर्यंत पश्चात्तापाचा लवलेश नाही, आणि त्या काळात तसं ठेवायला धाडस लागतं.

त्याच रांगेत ‘सारांश’ (1984). अनुपम खेर तेव्हा 29 वर्षांचे, हे सगळीकडे छापून आलंय, ते सोडा. त्यांच्या समोर दुसरा बाप आहे : निळू फुल्यांचा गजानन चित्रे. एका बापाचा मुलगा न्यूयॉर्कमध्ये मारला गेलाय आणि तो कस्टमच्या कचेरीत अस्थींसाठी भांडतोय. दुसऱ्याचा मुलगा जिवंत आहे, त्याच्यामुळं मुलीला दिवस गेलेत आणि बापाला निवडणूक दिसतेय. फुले तिथं ‘सामना’सारखे गुरगुरत नाहीत, आवाज चढवायची गरज न पडणाऱ्या माणसासारखे बोलतात. त्याच चित्रपटात प्रधानांचा, म्हणजे खेरांच्या पात्राचा, मित्र झालेले सुहास भालेकर बघा, हा नट तर पूर्णच विस्मरणात गेलाय.

आणि ‘अर्धसत्य’ (1983). पानवलकरांच्या ‘सूर्य’ कथेवरचा, पटकथा तेंडुलकरांची. लोकांना अमरापूरकरांचा रामा शेट्टी आठवतो. अमरीश पुरींनी केलेला बाप, निवृत्त हवालदार, पोराला जबरदस्तीनं पोलिसात घालणारा, घरात हात उगारणारा, हा कुणाच्या बोलण्यात येत नाही. त्या पोराचा, वेलणकरचा, सगळा राग त्या घरातून निघालाय. दोन-तीनच प्रसंग आहेत.

---

अजिंक्यतारा_खालून

‘माहेरची साडी’ (1991) कुणीच घेतला नाही, कारण इथं सगळ्यांना त्याची लाज वाटते. तुमच्या हॉलमधल्या साठीपुढच्या बायकांना मात्र तोच हवा असेल. विक्रम गोखल्यांचा बाप, जन्मताच आई गेली म्हणून मुलीचं तोंड न बघणारा. चित्रपट कर्कश आहे, पण गोखले त्यात एका वेगळ्याच चित्रपटात असल्यासारखे शांत आहेत. त्याच्या शेजारी ‘कळत नकळत’ (1989) ठेवा : तिथं ते दोन मुलांचा बाप, बाहेर गुंतलेला, आणि मुलांसमोर नजर चोरणारा. एकाच नटाचे दोन बाप, एक मुलीकडे बघत नाही रागानं, दुसरा बघत नाही शरमेनं.

धागाही आहे. विक्रम गोखल्यांचे वडील चंद्रकांत गोखले, जन्म मिरजेचा, 1921. त्यांच्या आई कमलाबाई आणि आजी दुर्गाबाई कामत, फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’मधल्या (1913).

---

कुरोली_खटाव

नावांच्या गफलतीबद्दल, कारण कार्यक्रमात हीच नाचक्की होते.

श्रेयनामावलीत नुसतं ‘चंद्रकांत’ असेल तर ते बहुधा कोल्हापूरचे चंद्रकांत मांडरे. चंद्रकांत गोखले आडनावासकट येतात. माहिती देणाऱ्या संकेतस्थळांवर दोघांची कामं एकमेकांत मिसळलेली आढळतात. ‘राजा’ तर चौघे : परांजपे, गोसावी, नेने, आणि दिग्दर्शक ठाकूर. ‘कुंकू’मधला मुलगा पंडित म्हणजे राजा नेने. राजा गोसावी आमच्या सिद्धेश्वर कुरोलीचे, 1925 चा जन्म. त्यांना कुणी बापाच्या कामात शोधणार असेल तर नायकाच्या काळातले चित्रपट सोडून उतारवयातले बघा. नजीर हुसेन हा हिंदीतला रडका बाप, नासिर हुसेन हा निर्माता-दिग्दर्शक. देवनागरीत लिहिताना हमखास अदलाबदल होते.

जन्मगावाचंही बघा. 1949 ते 1960 या काळात आजच्या सांगली जिल्ह्याला दक्षिण सातारा म्हणत. जुन्या परिचयात ‘सातारा जिल्हा’ असेल आणि गाव तासगाव, खानापूर, वाळवा भागातलं असेल, तर तो माणूस आजच्या हिशोबानं सांगलीचा. संस्थानी गावं आणखी वेगळी. औंध संस्थान आता निम्मं इकडं, निम्मं तिकडं आहे.

नट कोण हे पक्कं करायचं तर जुन्या गाण्यांच्या चोपड्या बघा, थिएटरबाहेर विकत त्या. त्यात पात्र आणि नट यांची जोडी छापलेली असते, पडद्यावरच्या नामावलीत नुसती नावांची रांग. चोपडी नसेल तर त्या नटाचा निर्विवाद असा दुसरा चित्रपट घ्या आणि कान बघा. मिशी, केस, चष्मा सगळं बदलतं, कानाची पाळी नाही.

---

मेणवलीचा_घाट

प्रिंटचं कुणी बोललं नाही म्हणून.

तुमचा तुकडा कापलेल्या प्रतीतून आलाय का, हे आधी तपासा. चित्रपटाच्या सुरुवातीला सेन्सॉरचं प्रमाणपत्र दिसतं, त्यावर लांबी मीटरमध्ये (जुन्यावर फुटांत) आणि रिळांची संख्या असते. 35 मिमी फिल्म मिनिटाला 90 फूट, म्हणजे साधारण 27.4 मीटर धावते. 4000 मीटर लिहिलं असेल तर अंदाजे 146 मिनिटं. तुमची प्रत 140 ची भरली तर घाबरू नका : टीव्हीसाठी सेकंदाला 24 ऐवजी 25 चौकटी चालवल्या की चार टक्के वेळ कमी होतो, आवाजही किंचित चढतो. पण 146 ची 120 झाली असेल तर कुणीतरी कात्री लावलीय. आणि कात्री आधी गाण्यावर नाही, बापावर पडते! गाण्यासाठी लोक प्रत बघतात, म्हातारा बाप खाटेवर बसून बोलतोय तो प्रसंग गेला तर तक्रार कोण करणार? दोन तबकड्यांच्या व्हीसीडीवरून घेतलेल्या प्रतीत तबकडी बदलायच्या जागी हमखास मिनिटभर गायब असतं, तोही भाग बघा.

चौकटीचं माप. ‘कुंकू’, ‘शेजारी’, ‘ऊन पाऊस’ यांची चौकट जवळपास चौरस, 4:3. प्रोजेक्टर 16:9 वर असेल तर तो चित्र ताणतो, चेहरे फुगतात, दात्यांचे गाल दुप्पट होतात. सेटिंगमध्ये जाऊन 4:3 करा, बाजूला काळ्या पट्ट्या आल्या तर येऊ द्या. उलट गफलत सिनेमास्कोपची. जुन्या व्हिडिओ प्रतीत रुंद चित्राच्या दोन्ही कडा कापून मधला भाग ठेवलेला असतो. नायक-नायिका मधे असतात आणि बाप दाराशी, कडेला. तो कापला जातो, नुसता आवाज उरतो. असला तुकडा अभिनयावर बोलायला निरुपयोगी, दुसरी प्रत शोधा.

सत्तर खुर्च्यांना 10 फूट रुंद, साडेसात उंच पडदा बरा. शेवटची रांग पडद्याच्या उंचीच्या सहापटीपेक्षा लांब नको, म्हणजे 45 फुटांच्या आत. पडदे ओढून अंधार होत असेल तर 3000 ल्युमेनचा प्रोजेक्टर चालतो, नाहीतर 4500 घ्या. जुना आवाज एकाच वाहिनीचा आहे. लग्नातले दोन मोठे कर्णे कोपऱ्यात लावले की घुमतो आणि शब्द जातात. एकच स्पीकर पडद्याखाली मधोमध ठेवा, बास उतरवा, मधला पट्टा थोडा वर. मग कोरेगावकरांचं घड्याळ मागच्या रांगेतही ऐकू जाईल.

हक्कांचं थोडक्यात : चित्रपटाच्या हक्काची मुदत प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं. म्हणजे 1964 पर्यंतचे चित्रपट सुटलेत, पण त्यातली कथा, गीतं यांचे हक्क लेखकाच्या निधनापासून मोजतात, ते वेगळे. ‘दीवार’, ‘लावारिस’, ‘धूमधडाका’ तर मुदतीतच आहेत. तिकीट नसलं तरी जाहीर कार्यक्रम आहे, हक्कधारकाची लेखी परवानगी घ्या. महिना-दीड महिना हाताशी ठेवा, कारण हक्क कुणाकडे आहेत हे शोधण्यातच निम्मा वेळ जातो.

---

हरिपूरकर

मंडळी, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. कच्चा आराखडा असा धरतोय.

पहिला शनिवार दाते : ‘कुंकू’चे तीन प्रसंग, ‘शेजारी’-‘पडोसी’ची जोडी. दुसरा पळशीकर आणि परांजपे, दोघांनी आपल्यापेक्षा कितीतरी म्हातारा माणूस कसा उभा केला यावर. तिसरा ‘दीवार’चे दोन बाप आणि ‘लावारिस’चे दोन. चौथा वाकडे, ओम प्रकाश, बालय्या. पाचवा नकोसे बाप : ‘सांगत्ये ऐका’, ‘अर्धसत्य’, ‘सारांश’मधले निळूभाऊ. ‘माहेरची साडी’ आणि ‘एक दिन अचानक’ कुठं बसवायचे कळेना. ‘त्रिशूल’मधला संजीव कुमार दुसऱ्या शनिवारी चालेल का? वयाचाच विषय आहे म्हणून.

---

तासगावचा_बेदाणा

संजीव कुमार विसरलेला नट नाही, पण उदाहरण म्हणून एक मिनिट घ्या. ‘त्रिशूल’मध्ये (1978) तो शशी कपूरचा बाप आहे आणि शशी कपूर त्याच्यापेक्षा जवळपास चार महिन्यांनी मोठा. त्याआधी ‘परिचय’मध्ये (1972) चौतिशीच्या आत-बाहेर असताना जया भादुरीचा बाप. पळशीकरांच्या आधी लावा, लोकांची नजर तयार होईल.

परांजप्यांवरचा माझा आक्षेप मागे, तुमच्या मांडणीत ते बसतात. फक्त ‘हा माझा मार्ग एकला’ जोडा, साठच्या दशकाच्या सुरुवातीचा. तिथं ते एकट्या दारुड्याचं काम करतात, त्याच्या आयुष्यात एक पोर येतं, आणि ते पोर म्हणजे चिमुकला सचिन. मग पुढच्या शनिवारी गंगू गणपतशी त्याची गाठ घालून देता येते : दोन दारुडे, दोन सांभाळलेली पोरं, मधे वीसेक वर्षं.

‘एक दिन अचानक’ पाचव्याला, सगळ्यांच्या शेवटी, आठ मिनिटांपेक्षा जास्त नको.

---

अजिंक्यतारा_खालून

‘माहेरची साडी’ पाचव्यालाच टाका. नकोशा बापांत तो आपोआप बसतो, आणि ‘अर्धसत्य’च्या लगेच नंतर लावला तर हसणारी मुलं हसायची थांबतील. ‘कळत नकळत’ वेळ उरला तर.

---

मेणवलीचा_घाट

वेळेचं गणित कच्चं आहे. पाचव्या शनिवारी पाच चित्रपट झाले. दीड तासात पडद्यावर 35 मिनिटांपेक्षा जास्त काही चाललं की बोलणं उरकावं लागतं. ‘सांगत्ये ऐका’ पहिल्या शनिवारी दात्यांनंतर हलवा. एक बाप शेवटी शरण जातो, दुसरा जात नाही, जोडी जमते.

‘दीवार’चे तुकडे चित्रपटाच्या क्रमानंच लावा, कप्पू आधी, हंगल नंतर. उलटं केलं तर हंगलांचं बोलणं नुसतं सुभाषित वाटतं. आधी सही करणारा बाप बघितलेला असला की, चोरी ती चोरी म्हणणारा बाप ऐकताना माणूस दचकतो. आणि तुकडे एका फाइलमध्ये जोडून, प्रत्येकाआधी तीन सेकंद काळा पडदा ठेवून आणा. प्रसंग शोधत पुढं-मागं सरकवत बसलात तर सत्तर माणसांसमोर पुढचा शेवट आधीच दिसतो.